बाबांची दुपारची फेरी

आमच्या घरात दुपार सुरू व्हायची ती चर्चची बाराची घंटा झाल्यावर. आई बागेतलं सकाळचं काम टाकून घरी यायची, पेजेचा टोप उतरवायची, सुके बोंबील निखाऱ्यावर भाजायची आणि आम्हा दोघांना वाढून स्वतः उभ्या उभ्या जेवायची. मग आम्ही दोघी मिळून बाबांना कुशीवर वळवायचो, पाठीला गोधडीची घडी लावायचो, आणि ती पुन्हा बागेत निघून जायची. तिच्या वहाणांचा आवाज मागच्या अंगणाच्या टोकाला पोचला की घरात मी आणि बाबा उरायचो. शेजारच्या पास्कूकाकांचा पंप त्या सुमाराला सुरू व्हायचा. त्याची एकसारखी धकधक भिंतीतून येत राहायची. तो मध्येच थांबला तर एवढं शांत व्हायचं की चुलीतल्या राखेत कोंबडी बसली तरी ऐकू यायचं.

मी नुकतीच दहावी झाले होते. गणितात मार्क चांगले होते आणि कॉमर्सला जायचं ठरलं होतं. वर्गातल्या मुली जून उजाडताच कॉलेजला जाऊ लागल्या. सकाळी त्या आमच्या कुंपणावरून स्टेशनच्या रस्त्याला लागायच्या तेव्हा मी विहिरीवर बाबांची चादर धूत असायचे. सुरुवातीला त्या थांबायच्या, बाबा कसे आहेत विचारायच्या, कॉलेजातलं काहीबाही सांगायच्या. पुढं नुसता हात करायला लागल्या. त्यांना दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. रोज चादर धुणाऱ्या मुलीला रोज नवीन काय विचारणार?

बाबा पास्कूकाकांच्या घराची कौलं फिरवायला चढले होते. पावसाळा जवळ आला की आमच्या गावात सगळे एकमेकांच्या घरावर चढतात, मजुरी कुणी घेत नाही. एक वासा आतून कुजलेला होता, तो मोडला आणि बाबा पाठीवर पडले, खालच्या धोंड्यावर. नोकरीत मी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. जे आपण पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही, ही सवय लागून गेली आहे. बाबांना पडताना मी पाहिलं नाही, तेव्हा त्याबद्दल एवढंच. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातून त्यांना घरी आणलं तेव्हा मृगाचा पाऊस होता. कमरेवरचे बाबा तेच होते. तेच रुंद खांदे, केळीच्या डागांनी काळे पडलेले तेच हात. कमरेखाली मात्र चिमटा काढला तरी त्यांना कळत नव्हतं.

एक सांगून ठेवते. आमच्या घरची बोली वेगळी आहे. ती कागदावर उतरवली की आमच्याच मुलांना वाचता येत नाही. म्हणून आमचं बोलणं मी इथं नेहमीच्या मराठीत लिहिलं आहे.

बाबांची खाट पुढच्या खोलीत टाकली होती. मागच्या खोलीचं दार अरुंद, खाट तिथून जाईना. पुढच्या खिडकीतून रस्ता दिसायचा, सायकली आणि माणसं दिसायची. बाग दिसायची नाही, कारण बाग घराच्या पाठीमागं. केळी, पानवेली, थोडी भाजी आणि कडेला बावखल, म्हणजे ज्यातलं पाणी पाटानं सगळ्या झाडांना जातं ते आमचं तळं. जन्मभर ज्या बागेत ते वावरले ती भिंतीपलीकडे होती, आणि तिच्याबद्दल त्यांना दुसऱ्यांकडून ऐकावं लागत होतं. आई थकून यायची, तिला बोलायचं त्राण नसायचं. मी त्यांना वळवायचे, पुसायचे, पाठीला जखम होऊ नये म्हणून घड्याळावर नजर ठेवायचे. बोलायचो मात्र थोडंच. त्यांनी माझ्या कॉलेजबद्दल कधी विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही. दोघांनाही उत्तर माहीत होतं.

गावातले डॉक्टर मधूनमधून स्कूटरवरून यायचे. वयानं तरुण होते, पण कुणाला घाई करायचे नाहीत. एकदा तपासून झाल्यावर ते हात धूत होते तेव्हा बाबांनी त्यांना थांबवलं. इस्पितळात सांगितलं होतं की पायांत बिघाड नाही, डोक्यातही नाही. पाठीच्या कण्यात जो मज्जेचा दोर असतो तो चिरडला गेला आहे. बाबांनी ते त्यांच्या पद्धतीनं समजून घेतलं होतं.

"म्हणजे मधला पाट फुटला," बाबा म्हणाले. "पाणी केळीपर्यंत जात नाही, ते समजलं. पण मागं बावखलात जे पाणी आहे, त्याचं काय होतं, डॉक्टर?"

डॉक्टर आधी हसले. मग हात पुसून खाटेच्या कडेला बसले. पाय उचल, पाय टाक, असा हुकूम देणाऱ्या पेशी मेंदूत वरच्या भागात असतात. त्यांचे लांब धागे कण्यातून खालपर्यंत उतरतात. धागा मध्येच तुटला तर त्या पेशींचं काय होतं, यावर मोठ्या लोकांचंही एकमत नाही, असं ते म्हणाले. कुणी म्हणतं रोडावतात, कुणी म्हणतं मरतात.

"मला नक्की ठाऊक नाही, अंतोनभाऊ," ते शेवटी म्हणाले. "पण ज्याला काम नाही ते वाळत जाणार, असं आपलं मला वाटतं."

खोटा धीर द्यायचा नाही म्हणून ते असं बोलले, हे मला आता कळतं. पण बाबांच्या मनात ते वाक्य रुतलं. संध्याकाळपर्यंत ते छताकडे बघत होते. दिवेलागणीच्या आधी मला म्हणाले, पाय गेले ते मी सोसतोय, पण पायाला सांगणाराच मेला तर उद्या पाट दुरुस्त होऊन तरी काय उपयोग? पाट दुरुस्त होईल असं कुणीच म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची फेरी सुरू झाली. आई बागेत गेली की बाबा डोळे मिटायचे. दोन्ही हात छातीवर ठेवायचे आणि मनात खाटेवरून उठून मागच्या दारानं बाहेर पडायचे. पायरी, पपईचं झाड, चिंच, केळीच्या ओळी, पाट, आणि शेवटी बावखल. नुसती आठवण काढायची नाही, प्रत्येक पाऊल टाकायचं. डावा पाय उचल म्हणून सांगायचं, तो टेकला असं मनात बघायचं, मग उजव्याला सांगायचं. त्या वेळी त्यांच्या भुवया जवळ यायच्या, श्वास वाढायचा आणि कपाळावर खरोखरचा घाम यायचा. पाय चादरीखाली जसेच्या तसे पडलेले असायचे. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसून मधूनमधून विचारायचे, कुठं आलात? ते म्हणायचे, पपई. मग पुष्कळ वेळानं, चिंच. एखाद्या दिवशी बावखलापर्यंत जाऊन परत यायचे, एखाद्या दिवशी केळीच्या दुसऱ्या ओळीतच बसून घ्यायचे आणि म्हणायचे, आज एवढंच.

माझं आणखी एक काम असायचं. बाग रोज बदलते, आणि त्यांना खरी बाग हवी होती. म्हणून सकाळी चादर वाळत घातली की मी सगळीकडे फिरून यायचे. पाटाला कुठं खांड पडलं, कुठली केळ व्याली, चिंचेची फांदी कुठं पडली, चिखल कुठं साचला, हे सगळं लक्षात ठेवायचे आणि दुपारी सांगायचे. डावीकडून या बाबा, तिथं निसरडं आहे. एकदा कंटाळून मी बागेत न जाताच सगळं ठीक आहे म्हणाले. त्यांनी डोळे उघडले. रागावले नाहीत. डोळे मिटून चालणाऱ्याला वाट खरी सांगावी लागते, नाहीतर तो पडतो, एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी पायरीवरूनच परत फिरले. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला सांगायची त्यांना लाज वाटत असावी. एकदा ती मध्येच परत आली, तेव्हा त्यांचे मिटलेले डोळे पाहून तिला वाटलं ते जपमाळ म्हणतायत. ती चवड्यांवर चालत बाहेर गेली.

माझ्या नणंदेची मुलगी मेंदूच्या विकारांची डॉक्टर आहे. अलीकडे मी तिला मुद्दाम हे विचारलं. ती म्हणाली, मामी, त्या पेशी मरतात असं पूर्वी पुष्कळांना वाटायचं. आता जास्त बारकाईनं तपासतात, आणि बहुतेक पेशी जिवंत राहतात असं दिसतंय. आक्रसतात, गप्प होतात, काही तर आसपासच्या दुसऱ्या धाग्यांशी संधान बांधायला बघतात. आणि पाय न हलवता माणूस नुसता मनात चालला तरी मेंदूचा तो भाग जागा होतो, हे यंत्रावर बघता येतं. बहुतेक म्हणजे किती, मी विचारलं. ती हसली. तुझा हिशेब इथं लागायचा नाही, म्हणाली, अजून मोजणं चालू आहे. ही बातमी ज्याला सांगायची त्याला चर्चमागच्या मातीत ठेवून पुष्कळ वर्षं झाली होती. आणि ऐकून तरी ते काय म्हणाले असते? मग मी रोज कुणाच्या जिवावर चालत होतो, असंच म्हणाले असते.

आईचा मार्ग वेगळा होता. अर्नाळ्याहून मंदामावशी मासळी घेऊन यायची. टोपली आमच्या पायरीवर टेकवून पाणी प्यायची आणि सगळ्या गावाची खबर द्यायची. तिनंच आईला वांद्र्याच्या चर्चमधल्या मायच्या जत्रेला जायला सांगितलं. ती स्वतः हिंदू, पण दरवर्षी जायची. नवऱ्याचा हात मोडला होता तेव्हा मेणाचा हात वाहिला होता, असं सांगायची. "अगो, कोनाचं काय दुखतं ते मायला कलतं," ती म्हणाली. "पानी दे आधी, आनि जा पाय घेऊन. इथं रडून बोंबील तरी सुकतील काय?" आईला बाबांच्या अपघातानंतर हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जत्रेत मेणाच्या वस्तूंची दुकानं लागली होती. हात, पाय, डोकी, डोळे, तान्ही बाळं, घरंसुद्धा, पिवळसर मेणाची, वातीसकट. आईनं पायांकडे बोट दाखवलं आणि मी तिला थांबवलं. मला ते चुकीचं वाटत होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पायांत काही बिघाड नाही. मग पाय वाहून उपयोग काय? मी दुकानदाराला पाठ आहे का विचारलं. तो म्हणाला, पाठ नाही येत बाय, पाठ कुणी मागत नाही, पोट पाहिजे तर आहे. मागं रांग वाढत होती. आईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की दुकानदारच गप्प झाला. "चालायचं पायांनीच असतं ना?" ती म्हणाली आणि दोन पाय घेतले, डावा आणि उजवा. घरी आल्यावर हा किस्सा बाबांना सांगितला तर ते खदखदून हसले.

"नाताल, डोकं घ्यायचं होतंस," ते आईला म्हणाले.

"तुमच्या डोक्याला काय धाड भरलीय?" आई म्हणाली, पण तिलाही हसू आलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

त्यानंतर काही दिवसांतच ते घडलं. इस्पितळातून आल्यापासून पायांचे अंगठे कधीकधी थरथरायचे, पण त्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी जेवणाची वेळ होती. बाबा उशीला टेकून भात खात होते आणि आई विहिरीच्या गार पाण्यात फडकं बुडवून त्यांची पावलं पुसत होती. एकाएकी उजवा पाय गुडघ्यात दुमडून वर उडाला. पितळेचं घमेलं उलटलं, पाणी सगळ्या खोलीभर झालं. आई त्या पाण्यातच खाली बसली. मग तिनं तो पाय दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला, आणि ओल्या लुगड्यानिशी बाहेर पळाली. थोड्या वेळात शेजारपाजार जमा झाला. पास्कूकाकाही आले. अपघातानंतर त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. रोज आपल्या पंपाचं पाणी आमच्या बागेला सोडायचे, कुणाला न सांगता, आणि कुंपणापलीकडूनच परत जायचे. त्या दिवशी ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहून लहान मुलासारखे रडले. आईनं पाय पुन्हा पुसला, पाय पुन्हा उडाला, आणि सगळ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

मी बाबांकडे बघत होते. शेजाऱ्याचं वासरू आपल्या अंगणात शिरावं आणि आपण नुसतं बघत राहावं, तसे ते स्वतःच्या पायाकडे बघत होते. सगळे गेल्यावर, आई बागेत गेल्यावर, ते मला म्हणाले, "फिलू, तो मी नव्हतो."

मला समजलं नाही. मी भात खात होतो, ते म्हणाले, मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. रोज दुपारी सांगतो तेव्हा ऐकत नाही, आणि न सांगता उडतो.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी तेच सांगितलं. जखमेच्या खालचा दोर मेलेला नसतो. वरून हुकूम येणं बंद झालं की काही काळ तो सुन्न राहतो आणि मग आपल्याच मनानं वागायला लागतो. गार लागलं, टोचलं, घासलं की झटका देतो. याचा आनंद मानू नका आणि भिऊही नका. नातालबाईंना नीट समजावून सांगा, नाहीतर त्या आशेवर राहतील. बाबा म्हणाले, मी सांगतो. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तू नको सांगू. मी सांगेन.

त्यांना सांगता आलं नाही. मी रोज संध्याकाळी वाट पाहायचे. आई यायची, हात धुवायची आणि आधी पायांशी जायची. ती आता वेगळीच झाली होती. केळीचा घड खांद्यावर घेऊन येताना गाणं गुणगुणायची. जेवताना बसायला लागली होती. आल्यागेल्याला सांगायची, नाताळच्या मिस्साला चर्चमध्ये ते काठी घेऊन येतील. पास्कूकाकांनी आमच्या अंगणात दोन लांब बांबू कमरेएवढ्या उंचीवर समांतर बांधून दिले, चालायचा सराव करताना धरायला. बांबूचं कुसळ हाताला लागू नये म्हणून त्यांनी ते काचेनं घासून गुळगुळीत केले होते. बाबा खिडकीतून ते सगळं बघायचे. रात्रीचं जेवण झालं की मी त्यांच्याकडे बघायचे आणि ते हळूच म्हणायचे, उद्या. दुपारची फेरी मात्र त्यांनी सोडली नाही. उलट ते जास्त जोर लावायला लागले. जीभ दातांखाली धरायचे. मला वाटतं, पाय एकदा जरी सांगून हलला असता तरी आईला काही सांगावं लागलं नसतं, आणि ते त्याच एका आशेवर चालत होते.

मग आईनं क्रुसाजवळ आभाराच्या जपमाळेची प्रार्थना ठेवली. रस्त्याच्या वळणावर आमच्या आळीचा क्रूस आहे. त्याला झेंडूच्या माळा घातल्या, मोठ्या टोपात चणे उकडले, त्यात खोबऱ्याचे काप टाकले. ऊन उतरल्यावर पास्कूकाका आणि आणखी तिघांनी बाबांना खुर्चीसकट उचलून तिथं नेलं. इस्पितळातून आल्यापासून ते प्रथमच घराबाहेर आले होते. सगळी आळी जमली होती. मंदामावशीही टोपली बाजूला ठेवून मागं उभी होती. प्रार्थना संपली. पुस्तकं मिटली. आणि पास्कूकाका पुढं येऊन म्हणाले, "अंतोन, एकदा आमच्यासमोर हलव."

बाबा नाही म्हणाले असते तर ते थकलेत असं सगळ्यांना वाटलं असतं. पण त्यांनी डोळे मिटले. हात छातीवर ठेवले. भुवया जवळ आल्या. ते मागच्या पायरीवरून उतरले हे मला तिथल्या तिथं कळलं. लोक त्यांच्या पायांकडे बघत होते. मी त्यांच्या बरोबर मनात चालले होते, आणि पपईपाशी आले असतील, आता चिंचेशी पोचले असतील, असं माझ्याही नकळत माझे ओठ हलत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला. मानेची शीर फुगली. पाय हलले नाहीत. कुणीतरी खोकलं. पास्कूकाकांनी मान खाली घातली. तेवढ्यात माझी नजर आईकडे गेली. तिथं जमलेल्यांत पायांकडे न बघणारी ती एकटीच होती. ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो घाम, तो श्वास, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

मग आमच्या मारीआत्या पुढं आल्या. बाबांची थोरली बहीण, वयानं वाकलेली. त्यांनी आशीर्वाद द्यावा तसा आपला गार हात बाबांच्या पावलावर ठेवला आणि पाय ताडकन उडाला. लोकांत एक लहर उठली. मागं कुणीतरी स्तुतीचं गीत सुरू केलं आणि सगळे गाऊ लागले. बाबांनी डोळे उघडले.

"नाताल," ते म्हणाले, "हा मी नव्हे. मी हलवायला गेलो तेव्हा तो हलला नाही."

आवाज मोठा नव्हता. गाणाऱ्यांना ऐकू गेलं नाही. आईला गेलं, कारण ती गायची थांबली. गीत संपेपर्यंत ती क्रुसाच्या कठड्याला धरून उभी होती. संपल्यावर चणे गार होतायत म्हणाली, टोप उचलला आणि प्रत्येकाच्या ओंजळीत चणे घालत फिरली. पास्कूकाकांना तिनं दोन वेळा वाढलं. खुर्ची परत घरी आली, माणसं पांगली. मी विहिरीवर टोप घासत होते, ती येऊन जवळ उभी राहिली.

"तुला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.

"डोळे मिटून कुठं जातात ते?"

"बागेत," मी म्हणाले. "रोज दुपारी जातात."

तिनं माझ्या हातातून टोप घेतला आणि स्वतः घासायला लागली. मी तिच्या शेजारी उभी होते. त्या घरात आम्ही तिघं होतो. तिघांनीही आपापलं एकेक ओझं एकट्यानं वाहायचं असा जणू आमचा रिवाज झाला होता. आईचं ओझं आम्ही दोघांनी तिच्यापासून लपवून ठेवलं होतं, आणि ते तिच्या हातात पडलं ते सगळ्या आळीसमोर.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, बाबांना वळवून झालं, पण आई बागेत गेली नाही. ती माझ्या स्टुलावर बसली आणि मला म्हणाली, तू बाहेर बस जरा. मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. पपई समोर होती, पलीकडे चिंच. थोड्या वेळानं आतून आईनं विचारलं, कुठं आलात? तिला ते शब्द मी सांगितले नव्हते. बहुधा माणूस वाटेवर असला की दुसरं काही विचारताच येत नाही. बाबा इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं ते आता डोळे उघडतील आणि पुन्हा कधी मिटणार नाहीत.

"पायरीवर," ते म्हणाले.

"मग उतरा."

त्यानंतरचं सगळं मला नीट ऐकू आलं नाही. पपई पार केल्याचं आलं. आई चिंचेखालून वाकून या म्हणाली, तिथं तिनं कपड्यांची दोरी बांधली होती. मी सकाळी त्या दोरीखालून गेले होते, पण माझ्या उंचीला ती लागत नव्हती, त्यामुळे मी ती कधी सांगितलीच नव्हती. बाबांनी विचारलं, चिंचेला दोरी कशाला? फळधरीच्या फांदीला कुणी दोरी बांधतं? आई म्हणाली, मग कपडे काय तुमच्या डोक्यावर वाळत घालू? बाबा म्हणाले, पपईला बांध. आई म्हणाली, पपई तुमच्या लुगड्यांचं वजन पेलायची नाही. माझी लुगडी कधीपासून, असं बाबांनी विचारलं. अपघातानंतर त्यांना असं भांडताना मी ऐकलं नव्हतं. माझ्याबरोबर ते कधी भांडत नसत. मी सांगेन ती वाट ते मुकाट्यानं धरायचे.

पुढच्या जूनमध्ये मी कॉलेजला जाऊ लागले. कुंपणापाशी मैत्रिणी थांबल्या तेव्हा त्यांच्याशी काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. पण ते पुढचं. त्या दुपारी मी पायरीवर बसून होते. आत माझं काही काम उरलं नव्हतं आणि बाहेरही नव्हतं. थोड्या वेळानं आई बाहेर आली. डोळे तांबारले होते. तिनं दाराआडचा विळा घेतला, पदर खोचला, आणि चिंचेपर्यंत जाऊन थांबली. दोरी सोडली, तिचं वेटोळं करून खांद्यावर टाकलं. मग मागं वळून मला म्हणाली, "इथपर्यंतच आले आज. दमलेत. झोपू दे त्यांना."